मुलींच्या शाळेत बाकं कोण उचलतं?

मुंबईतल्या एका कॉन्व्हेंटच्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत निवृत्त झाले. माझा मुलगा जेझुइट फादरांच्या, फक्त मुलग्यांच्या शाळेत शिकला. त्यामुळे ॲडमिशनचे दिवस आले की सोसायटीतल्या आया मला जिन्यात गाठतात. प्रश्न ठरलेले असतात. ‘काकू, तिथे बायबल शिकवतात का हो? शिस्त फार कडक असते का? आणि नुसत्या मुलींमध्ये राहून पोरगी बुजरी नाही ना होणार?’

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. बायबलचा तास असतो, पण तो ख्रिस्ती मुलींचा. त्याला कॅटेकिझम म्हणतात. त्या वेळी बाकीच्या मुली मॉरल सायन्सला बसतात. घटनेच्या ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढून चालवायचा हक्क दिला आहे. पण सरकारमान्य शाळेतल्या कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येणार नाही, हेही २८व्या कलमात सांगून ठेवलं आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती एक टक्काही भरले नाहीत, तेव्हा या शाळांचे वर्ग भरतात ते बहुतांशी इतरांच्याच मुलांनी. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती बसतो, तरी मॉरल सायन्सचे तास मी वर्षानुवर्षं घेतले आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आवारात मेरीमातेची ग्रोटो होती. परीक्षेच्या सकाळी तिच्यापुढची मोठी रांग हिंदू मुलींचीच असायची. ‘टीचर, उदबत्ती लावली तर चालेल?’ असंही एकीने विचारलं होतं. सिस्टर म्हणाल्या, ‘लाव, पण आधी भूगोल वाच.’

मुलगे आणि मुली वेगळे का, याची मुळं या शाळा चालवणाऱ्या संघांत आहेत. शाळा काढल्या त्या संन्यस्त पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या वेगवेगळ्या संघांनी. इग्नेशियस लोयोला यांनी स्थापलेल्या जेझुइट संघाने १५४८मध्ये सिसिलीतल्या मेसिनात आपली पहिली मोठी शाळा उघडली आणि १५९९मध्ये सगळ्या शाळांसाठी एक अभ्यासपद्धती लिहून काढली. ती सारी दुनिया मुलग्यांची होती. मुलींसाठी नन्स पुढे आल्या. लिऑनच्या क्लॉदीन तेवने यांनी अनाथ मुलींना आसरा आणि हाताला काम देता देता १८१८मध्ये जीझस अँड मेरी संघ उभा केला. त्याच्या नन्स १८४२मध्ये थेट आग्र्याला येऊन पोचल्या. पुढे १९२९मध्ये पोप पायस अकरावे यांनी तर शिक्षणावरच्या आपल्या पत्रात मुलामुलींच्या एकत्र शिक्षणाबद्दल उघड नापसंती नोंदवली. आपल्याकडे या संघांना वेगळं काही पटवून द्यावं लागलं नाही. वयात आलेल्या मुलीला शाळेत पाठवायचं तर ती मुलींचीच हवी, असं म्हणणारे बाप इथे होतेच.

म्हणजे मुली वेगळ्या बसवल्या त्या त्यांना मोकळं करायला नव्हे, सांभाळायला. पण बंदोबस्तासाठी घातलेल्या कुंपणाच्या आत भलतंच पीक आलं.

आमच्या गॅदरिंगची तयारी पाहिली असती तर मी काय म्हणते ते कळलं असतं. हॉल वरच्या मजल्यावर. बाकं जुनी, सागवानी, लोखंडी पायांची. वर्गातून काढून ती वर न्यायची आणि कार्यक्रम झाला की परत खाली. शिपाई एकच, तोही निवृत्तीला आलेला. ‘जरा मुलग्यांना बोलवा’ म्हणायची सोयच नव्हती. मग दोघी पुढे, दोघी मागे आणि जिन्याच्या वळणावर एक ओरडणारी, ‘तिरकं घे, तिरकं! आधी पाय आत!’ माईकची वायर जोडणारी मुलगी, पडदा ओढणारी मुलगी, नाताळच्या नाटकात काजळाची दाढी काढून जोसेफ होणारी मुलगी आणि दुष्ट हेरोद राजाही मुलगीच. तो तर सगळ्यांना हवा असायचा. बीएडला असताना मी मिश्र शाळेत सराव पाठ घेतले होते. तिथे प्रयोगशाळेत मुलगे सर्किट जोडायचे आणि मुली सुवाच्य अक्षरात निरीक्षणं लिहायच्या. आमच्याकडे सर्किट जोडणारी मुलगी आणि गिचमिड लिहिणारीही मुलगीच.

हे कुठल्याही मूल्यशिक्षणाच्या पुस्तकात नव्हतं. मला सांगायचं आहे ते हेच. शाळेची मूल्यं दर्शनी भागातल्या संगमरवरी पाटीवर नसतात. रोजचं काम कोण करतं, कोणापुढे कोण उभं राहतं, यात ती असतात.

दुसरं उदाहरण सिस्टरांच्या बदलीचं. नन्सची तीन व्रतं असतात: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. मॉरल सायन्सच्या तासाला ती फळ्यावर लिहून मी कितीही समजावली तरी मुली जांभया देत. पण एका मे महिन्यात आमच्या मुख्याध्यापिकांना वरून पत्र आलं. ज्यांच्या पावलांच्या आवाजाने कॉरिडॉर गप्प व्हायचा त्या सिस्टर एक सुटकेस घेऊन आदिवासी भागातल्या छोट्या शाळेत निघाल्या. मुख्याध्यापिका म्हणून नव्हे, साध्या शिक्षिका म्हणून. दहावीची एक मुलगी म्हणाली, ‘टीचर, त्यांचं डिमोशन झालं?’ मी म्हटलं, ‘त्यांनाच विचार.’ तिने खरंच विचारलं. सिस्टर हसून म्हणाल्या, ‘अगं, तिथे गणिताला कोणी नाही.’ पद म्हणजे आपण नव्हे, हा धडा त्या वर्गाला आयता मिळाला.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस लेंटचे. ख्रिस्ती मुली गोड सोडायच्या, कुणी सिनेमा. आपल्याकडे श्रावणात काहीतरी सोडतात तसंच, म्हणून इतर मुलीही हौसेने सामील व्हायच्या. पण एक फरक असे. जे सोडलं त्याचे वाचलेले पैसे वर्गातल्या डब्यात टाकायचे आणि ते कुणा गरजूकडे जायचे. डब्यावर नाव लिहायचं नाही, कुणी किती टाकले ते विचारायचं नाही.

मुलाच्या शाळेत याच विचाराला जास्त धार होती. जेझुइट शाळांत ‘इतरांसाठी जगणारी माणसं’ हे ब्रीद सतत कानावर पडतं. त्याचा उगम १९७३चा. संघाचे तेव्हाचे प्रमुख पेद्रो अरूपे हे वैद्यकीचं शिक्षण घेतलेले. १९४५मध्ये हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा ते शहराच्या कडेलाच होते आणि त्यांनी आपल्या मठाचंच रुग्णालय केलं होतं. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात ते जेझुइट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांसमोर बोलायला उभे राहिले. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात पाहुण्याने काय बोलायचं असतं, ते आपल्याला माहीत आहे. अरूपे यांनी विचारलं की, आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का? आणि उत्तरही स्वतःच दिलं: नाही. पुढे या ब्रीदात पुरुषांबरोबर स्त्रियाही आल्या.

मुलग्यांच्या शाळेतही कामं वाटून घ्यायला मुली नव्हत्या. म्हणून चांदण्या कापणं, पाहुण्यांना वाढणं, कॉयरमध्ये वरच्या पट्टीत गाणं हे सगळं पोरंच करायची. माझा मुलगा ग्रामीण शिबिरातून आला तो चुलीवरचा भात शिकून. पण तिथे दुसरंही काही होतं. फुटबॉलला न जाणाऱ्या पोराला चिडवायचे, रडणाऱ्याला ‘मुलगी’ म्हणायचे. मुली समोर नसल्या की मुलग्यांमधला हळवेपणा जसा बाहेर येतो, तसा आडदांडपणाही येतो. वरचढ काय ठरेल, ते मधल्या सुट्टीत मैदानावर कोण उभं आहे यावर ठरतं. डॉन बॉस्को यांच्या सेल्सियन शाळांनी तर याचीच पद्धत बनवली: चूक झाल्यावर छडी मारण्यापेक्षा आधीपासूनच मुलांच्यात वावरायचं, त्यांच्याशी खेळायचं.

आमच्या बाजूच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. स्कर्टची लांबी, केसांचं तेल, हातावरची मेंदी यांवर जेवढा वेळ गेला, त्यात माझं व्याकरण दोनदा शिकवून झालं असतं. चाळीतून येणारी मुलगी आणि गाडीतून उतरणारी मुलगी एकाच पिनाफोरमध्ये दिसायच्या, डबा उघडला की वेगळ्या व्हायच्या. आणि मराठी! कॉरिडॉरमध्ये मराठी बोललं म्हणून दंड, हा नियम कितीतरी कॉन्व्हेंट शाळांत होता. मला याची चीड येई, कारण जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी जन्माने इंग्रज असून मराठी ओवीत क्रिस्तपुराण रचलं आणि ते १६१६मध्ये गोव्यात रायतूरला छापून निघालं. मी ते दहावीच्या मुलींना आवर्जून सांगायचे. सिस्टरांनाही सांगितलं. आमच्या मजल्यावरचा दंड त्यानंतर बंद झाला.

आता वेगळ्या शाळांनी खरंच फायदा होतो का, हा प्रश्न. २०१४मध्ये एका मानसशास्त्रीय नियतकालिकात २१ देशांतल्या १८४ अभ्यासांचा आढावा आला होता. त्यात सुमारे सोळा लाख विद्यार्थी होते. काटेकोर अभ्यासांत वेगळं शिकण्याचा म्हणावा असा फायदा दिसला नाही. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. मुलगे नसले म्हणून मुलीला आपोआप धीर येत नाही. काम तिच्या अंगावर पडलं तर येतो. ते मिश्र वर्गातही पडू शकतं, फक्त तिथे कोणीतरी मुद्दाम ते तिच्यावर टाकावं लागतं.

म्हणूनच हा मुद्दा आज महत्त्वाचा आहे. मुलग्यांच्या काही जुन्या कॅथलिक शाळा आता मुलींना प्रवेश देऊ लागल्या आहेत. नन्स आणि फादरही कमी झालेत. शिकवतात ते बहुतेक माझ्यासारखे संसारी लोक. जी व्यवस्था आपोआप चालत होती ती आता ठरवून चालवावी लागेल.

तेव्हा जिन्यात गाठणाऱ्या आयांना माझं सांगणं एवढंच असतं. शाळा बघायला जाल तेव्हा ट्रॉफ्यांच्या कपाटाशी फार वेळ घालवू नका. मधल्या सुट्टीपर्यंत थांबा. मैदानाचा मोठा भाग कोणाकडे आहे, प्रयोगशाळेत उपकरण कोणाच्या हातात आहे आणि वर्गात सांडलेलं पाणी कोण पुसतंय ते बघा. फॉर्म मग भरा.