मोटारीच्या टपाचे अनोळखी सांगाडे

जुन्या वाड्याचा माळा रिकामा करतांना लोखंडी नळ्या आणि वांकविलेल्या लांकडी कमानी यांचा एक गुंता हातीं लागावा, आणि तो कशाचा हें घरांत कोणासच सांगतां येऊं नये, असा प्रसंग अहिल्यानगर जिल्ह्यांत अजूनहि घडूं शकतो. कोणी त्यास पाळण्याचा सांगाडा म्हणतो, कोणी टांग्याचा. शेवटीं भंगारवाला तो वजनावर घेऊन जातो. अशा रीतीनें वितळून जाणारी वस्तु कित्येकदां उघड्या मोटारीचा, म्हणजे टूरिंग गाडीचा, दुमडता टप असते. आणि तो गेला म्हणजे एखादी जुनी गाडी तिच्या मूळ रूपांत उभी करण्याचें साधनच जातें.

साईनगर शिर्डी हें रेल्वेस्थानक २००९ सालीं सुरू झालें. त्यापूर्वीं यात्रेकरू दौंड-मनमाड मार्गावरील कोपरगांवास उतरत आणि गोदावरी ओलांडून टांग्यानें शिर्डीस येत. पुढें मोटारीहि आल्या. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला. त्या काळच्या बहुतेक मोटारींना पक्कें छत नसे. फोर्ड कंपनीनें १९०८ ते १९२७ या काळांत 'मॉडेल टी'च्या दीड कोटींहून अधिक गाड्या काढल्या, त्यांत उघडी टूरिंग दीर्घकाळ सर्वांत लोकप्रिय होती. हिंदुस्थानांत येणाऱ्या फोर्ड गाड्या मुख्यतः कानडा देशांतील कारखान्यांतून, उजव्या हाताच्या चक्राच्या अशा येत.

आतां प्रथम प्रश्न हा, कीं सांगाडा घोडागाडीचा कीं मोटारीचा? व्हिक्टोरिया गाडीचा टप फक्त मागील बैठकीवर येतो. त्याच्या थोड्या कमानी एकाच जागेभोंवतीं पंख्यासारख्या उघडतात, आणि बाहेरून मोडता येणारा लांब लोखंडी दांडा त्यांना ताणून धरतो. टूरिंग मोटारीचा टप मात्र पुढील व मागील अशा दोन्ही बैठकी झांकतो. त्यामुळें कमानी अधिक, आणि त्यांतील एखादी बरीच लांब पुढें पसरणारी असते.

मोटारीचाच टप ठरला, तर पुढील खूण सर्वांत मोलाची आहे. अनेक जुन्या टपांत पुढील बैठकीच्या बाजूलाहि नळीचा खांब उभा राहत असे. असा टप चढवावयाचा म्हणजे एकानें एका बाजूस, दुसऱ्यानें दुसऱ्या बाजूस उभें राहून उचलावयाचा. म्हणून त्यास 'दोन माणसांचा टप' म्हणत. अगदीं आरंभीं पुढील टोंक चामड्याच्या पट्ट्यांनीं गाडीच्या पुढील भागास ओढून बांधीत. पाऊस कोसळूं लागला असतां हा खटाटोप करणें म्हणजे काय, याची कल्पनाच करावी! पुढें सगळा भार मागील बैठकीजवळच्या आधारांवर घेऊन पुढील टोंक समोरच्या कांचेच्या चौकटीस अडकविण्याची युक्ति निघाली. पुढचा खांब गेला, आणि एकटा मनुष्यहि टप चढवूं लागला. मॉडेल टी टूरिंगला असा 'एका माणसाचा टप' १९२३ च्या नमुन्यापासून मिळाला. म्हणून आपल्या सांगाड्यास पुढील बैठकीचा आधार आहे कीं नाहीं, आणि पुढच्या कमानीस पट्ट्याची कडी आहे कीं कांचेच्या चौकटीची पकड, हें आधीं पाहावें. केवळ एवढ्यानें कंपनीचें नांव कळत नाहीं, पण काळाचा अंदाज येतो.

यानंतर मापें घ्यावींत. कमानीच्या दोन्ही पायांमधील अंतर म्हणजे जवळजवळ गाडीच्या अंगाची त्या ठिकाणची रुंदी. नळीचा छेद गोल कीं अंडाकृति, भोंकांमधील अंतर किती, दुमडलेला टप टेकण्यासाठीं केलेल्या घोडीचा आकार कसा, हीं सर्व लोखंडाची साक्ष होय. लांकडाची साक्ष दुय्यम मानावी असें माझें मत आहे. कारण कमान मोडली कीं गांवचा सुतार हाताशीं असेल तें लांकूड वांकवून बसवीत असे. कापडाची साक्ष त्याहून कच्ची. तें तर दर कांहीं वर्षांनीं बदलावेंच लागे, आणि पडद्यांची बटणें त्याबरोबर बदलत. मात्र लांकडांतील चुकांच्या भोंकांच्या रांगा मोजल्या, तर टप कितीदां नव्यानें मढविला याचा माग लागतो.

एक फसवी गोष्ट म्हणजे ठशाची अक्षरें. बिजागरीवर ठसा सांपडला कीं मोटारीचें नांव मिळालें, अशी समजूत होते. परंतु टपाचें लोखंडी सामान पुष्कळदां स्वतंत्र कारखानदार बनवीत आणि तेंच सामान निरनिराळ्या कंपन्यांना विकीत. शिवाय कित्येक गाड्यांचा केवळ सांगाडा व यंत्र परदेशांतून येई, आणि वरचें अंग येथील कारागीर चढवीत. मद्रासची सिम्प्सन कंपनी या कामासाठीं प्रसिद्ध होती. अशा टपाचा जोड कोणत्याहि परदेशी सूचिपत्रांत सांपडावयाचा नाहीं. चक्र उजवें कीं डावें याचाहि येथें उपयोग नाहीं, कारण टपाच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात.

सांगाडा मिळाला तर तो घासूं नये, आम्लांत घालूं नये, गंजलेले रिवेट तोडूं नयेत. प्रत्येक नळीस चिठ्ठी बांधावी, उघडा व दुमडलेला असे दोन्ही आकार कागदावर काढावेत, आणि तो कोणत्या घरांत, कोणत्या वस्तूंसोबत सांपडला हें शेजारीं लिहून ठेवावें.