पडले की आडवे झाले?

घरात एकटे असलेले आजोबा पडले, तर कॅमेऱ्याने ते ओळखून मुलांना कळवावे, यासाठी संशोधक बरीच वर्षे खटपट करत आहेत. पण एकाच फोटोत पडलेला माणूस आणि जमिनीवर आडवा झालेला माणूस सारखेच दिसतात. फरक असतो हालचालीत. म्हणून २०१४ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातील सिमोनियन व झिसरमन यांनी संगणकाला जणू दोन डोळे दिले. एक चित्र पाहतो, दुसरा लागोपाठच्या चित्रांत काय कुठे सरकले ते पाहतो. दोघांचा कौल एकत्र करून क्रिया ठरते.

तरीही संगणक कॉपी करतोच! तलाव दिसला की ‘पोहणे’, हिरवळ दिसली की ‘फुटबॉल’. त्यामुळे काही जण पार्श्वभूमी पुसून त्याला फक्त सांध्यांचे ठिपके दाखवतात. माणसाला तेवढे पुरते, हे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहानसन यांनी १९७३ मध्येच दाखवले होते. शिवाय ठिपक्यांत चेहरा दिसत नाही, ही सोय न्हाणीघरासारख्या जागी मोलाची.

खरी अडचण शिकवणीची आहे. खरे पडणे कॅमेऱ्यात क्वचितच सापडते, म्हणून बहुधा तरुण स्वयंसेवक गादीवर मुद्दाम पडून दाखवतात. पायातले बळ जाऊन कॉटच्या कडेवरून हळूहळू घसरणारी आजी त्या चित्रफितींत सहसा नसते.