डेटाची नोकरी म्हणजे नेमकी कोणती?

परवा कशेळ्याच्या एका पालकांनी विचारलं, "सर, मुलीला डेटा अ‍ॅनालिस्टच्या कोर्सला घालू का? डेटा एंट्रीच ना ती?" फी बरीच होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या भाताचंच बघा. पीक कापणी प्रयोगात शेतातला ठरावीक मापाचा तुकडा कापून, झोडून वजन करतात. तिथे तलाठी किंवा सहायक कृषी अधिकारी आकडा गोळा करतो. (तलाठ्याचं पदनाव २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झालं, काम तेच!) तो आकडा संगणकात भरतो तो डेटा एंट्री ऑपरेटर. सगळे आकडे जुळवून यंदा उत्पादन का घटलं हे शोधतो तो अ‍ॅनालिस्ट. आणि मुळात कोणती शेतं, किती, कशी निवडली तर अंदाज भरवशाचा होईल, हे ठरवतो तो संख्याशास्त्रज्ञ. भारतात ही पद्धत रुजवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे.

डेटा सायंटिस्टला हेच गणित लागतं, जोडीला प्रोग्रॅमिंग. पण कंपन्या ही पाटी कुणालाही लावतात.

सरकारी नावं आणखी वेगळी. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयात अन्वेषक, सांख्यिकी सहायक अशी पदं असतात. केंद्राच्या भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा यूपीएससी घेते. तिला पदवीला संख्याशास्त्र हवं. तेव्हा जाहिरातीत पदनावाखालची कामं आणि पात्रता आधी वाचा.

त्या पालकांनी कोर्सचा कागद आणला. त्यात टायपिंग आणि एक्सेल होतं. सरासरीचा उल्लेखही नव्हता.