मोठ्या शिकारीची सफारी : पूर्वतयारी आणि अनुभव

‘सफारी’ हा स्वाहिली शब्द अरबी ‘सफर’वरून आला असून मराठीतील ‘सफर’ही त्याच मुळातील आहे. मोठ्या शिकारीच्या सफारीचे स्वरूप थिओडोर रूझवेल्ट यांच्या १९०९-१० च्या पूर्व आफ्रिका मोहिमेवरून स्पष्ट होते. ही मोहीम स्मिथसोनियन संस्थेसाठी प्राण्यांचे नमुने जमविणारी असल्याने कातडी टिकविण्यासाठी सुमारे चार टन मीठ सोबत घेतले होते. हे ओझे दोनशेहून अधिक आफ्रिकी हमालांनी वाहिले. रूझवेल्ट व त्यांचे पुत्र करमिट यांनी ५१२ प्राणी मारले. शिकाऱ्याचा अनुभव ग्रंथबद्ध झाला. हमालांचा मात्र क्वचितच नोंदला गेला. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. तात्पर्य, सफारीच्या अभ्यासात बंदुकीबरोबरच ओझे वाहणाऱ्यांचाही विचार होणे आवश्यक आहे.