स्वतःशीं बोललेला शब्द

विंझरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोलीसभरतीसाठीं १६०० मीटर धावण्याचा सराव करणारा तरुण शेवटच्या चारशें मीटरांत थांबतो, तो नेहमींच पायांच्या दोषामुळें नव्हे. ‘आतां संपलों’ असें मन आधीं म्हणतें आणि शरीर तें ऐकतें. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगांत सायकल चालविणाऱ्या सहभागींनीं धीर देणारीं वाक्यें दोन आठवडे घोटलीं. त्यांचा टिकाव सुमारें १८ टक्क्यांनीं वाढला आणि कष्टाची जाणीव कमी झाली.

वाक्य लहान, स्वतःच्या बोलींतलें व आधींच ठरविलेलें असावें: ‘अजून दम आहे, त्या वळणापर्यंत चल.’ ऐन थकव्यांत नवें सुचत नाहीं. मात्र छातींत कळ आली तर थांबावें. हा शब्द थकव्याशीं झुंजण्यासाठीं आहे, दुखणें झांकण्यासाठीं नव्हे.