पेनिसिलीन आणि लाज

दांडेलीहून अंबिकानगरच्या वाटेला लागले की दहाबारा किलोमीटरांवर जंगलात कुळगी हे गाव येते. जोयडा तालुक्यातील हे लहानसे ठिकाण बाहेरच्या लोकांना ठाऊक आहे ते वनखात्याच्या निसर्ग शिबिरामुळे. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीतले हे गाव. येथे येणारा पाहुणा वाघाची चौकशी करतो, धनेश पक्ष्याची करतो. गावातील बाईची प्रकृती कशी आहे हे विचारण्याचे प्रयोजन त्याला पडत नाही. आणि ज्यांना पडावयास हवे त्यांनाही ते फारसे पडत असेल असे वाटत नाही.

आज आम्ही जो विषय या स्तंभात घेत आहोत तो घरात मुलाबाळांच्या हाती पडणाऱ्या वृत्तपत्रात नको, असे म्हणणारे वाचक निघतील. लैंगिक संबंधातून पसरणारे रोग, म्हणजे आपल्याकडे ज्यांना दबल्या आवाजात ‘गुप्तरोग’ म्हणतात ते, हा तो विषय होय. आमचे म्हणणे एवढेच की, या रोगांपैकी जीवाणूंमुळे होणारे उपदंश, परमा आणि क्लॅमिडिया हे औषधाने पूर्ण बरे होणारे रोग आहेत, आणि जे बरे होते ते केवळ बोलले न गेल्यामुळे बळावत राहते. कुळगीत हा रोग आहे असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. असला तर तेथील बाईला तो सांगता येईल काय, एवढेच आम्ही विचारतो.

किनाऱ्यावरच्या वाचकांना या रोगाचा इतिहास परका नाही. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथाने त्याला ‘फिरंगरोग’ हे नाव दिले. तो कोणाच्या गलबतांबरोबर आला असे आपल्या पूर्वजांस वाटत होते हे त्या नावातच आले. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात चोपचिनीच्या मुळीची चर्चा केली आहे. तीही याच व्याधीवर वापरली जाई. पुढे कित्येक पिढ्या पारा चालला आणि त्याने रोगाइतकीच माणसांचीही दैना केली. 1910 साली एर्लिख आणि हाता यांचे साल्व्हार्सन आले. 1943 साली अमेरिकेत डॉ. महोनी यांनी पेनिसिलीन टोचून उपदंशाचे रोगी बरे केले, आणि चारशे वर्षांची दहशत एका सुईने संपविली. 1954 साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याने पुढच्याच वर्षापासून ते औषध महाराष्ट्रातच तयार करण्यास आरंभ केला.

नवलाची गोष्ट अशी की उपदंशाच्या जंतूला पेनिसिलीनची सवय आजतागायत जडलेली नाही. प्रारंभीच्या अवस्थेत बेंझाथीन पेनिसिलीनचे 24 लाख युनिटांचे एक इंजेक्शन पुरते. गर्भवतीला प्रसूतीच्या निदान महिनाभर आधी ते मिळाले तर पोटातील मूलही वाचते. असे असूनही, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे, 2022 या एका वर्षात जगात सुमारे 7 लाख मुले जन्मजात उपदंशाची ठरली. आता हा दोष औषधाचा म्हणावयाचा काय?

आपल्या भागातील ज्या संशोधनाने या प्रश्नाचे उत्तर दिले ते मोठ्या शहरातील प्रयोगशाळेतून आलेले नाही. गडचिरोलीसारख्या जंगलाच्या जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची तपासणी केली आणि 1989 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक संसर्गाचा रोग आढळला. एकेका बाईत सरासरी साडेतीनहून अधिक व्याधी होत्या आणि त्यांत निम्मा वाटा जननमार्गाच्या संसर्गाचा होता. पूर्वी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया शंभरात आठदेखील नव्हत्या. त्याहून विचार करावयास लावणारी बाब म्हणजे, तपासलेल्या स्त्रियांपैकी 45 टक्के स्त्रियांची कसलीच तक्रार नव्हती. ज्यांची होती त्यांनीही अंगावरून पांढरे जाणे, कंबर धरणे हे बाईच्या जातीला चिकटलेलेच, अशी समजूत करून घेतलेली असावी. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच सरकारची व्याख्या होती. गडचिरोलीने ती अपुरी ठरविली.

दुसरा धक्का पुण्याचा. तेथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने लैंगिक रोगांच्या दवाखान्यांत 1993 ते 1996 या काळात आलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. वेश्याव्यवसायाशी ज्यांचा संबंध नव्हता अशा, बहुतांशी विवाहित आणि एकपतीव्रती स्त्रियांपैकी 13.6 टक्के स्त्रियांत एचआयव्हीची लागण आढळली. नवऱ्याने बाहेरून आणावे आणि बायकोने भोगावे, हे या आकड्यांचे सरळ मराठीतील भाषांतर होय. शिवाय उपदंशाच्या व्रणासारख्या जखमांतून एचआयव्हीचा विषाणू अधिक सहज शिरतो, हेही आता ठरलेले आहे.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धत आणली, निरनिराळ्या रंगांच्या औषधपाकिटांचे सात प्रकार ठरविले आणि ती सरकारी दवाखान्यांत विनामूल्य ठेवली. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी ही युक्ती उत्तमच. परंतु लक्षणांवर बेतलेला उपचार, ज्या बाईत लक्षणच दिसत नाही तिच्यापर्यंत पोहोचावा कसा? उलट साध्या कारणाने पांढरे जाणाऱ्या बाईच्या माथी नको ती औषधे मारली जातात, आणि ‘हा आजार कुठून आला’ हा प्रश्नही तिलाच विचारला जातो.

इकडे जगात संशोधन थांबलेले नाही. परम्याचा जंतू एकामागून एक औषधे पचवीत गेला. पेनिसिलीन गेले, सिप्रोफ्लॉक्सासिन गेले, आणि शेवटचा भरवसा असलेल्या सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही कंबोडिया व व्हिएतनाममध्ये तो दाद देईनासा होत आहे. झोलिफ्लोडासिन आणि जेपोटिडासिन ही दोन नवी औषधे चाचण्यांत यशस्वी ठरली आहेत. मेंदूज्वराच्या एका लसीने परम्यापासूनही काही अंशी, सुमारे 30 ते 40 टक्के, संरक्षण मिळते असे दिसल्यावरून इंग्लंडने ऑगस्ट 2025 पासून जोखमीच्या गटांना ती टोचण्यास सुरुवात केली. आणखी एक उपाय म्हणजे संबंधानंतर 72 तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनच्या 200 मिलिग्रॅमची मात्रा घेण्याचा. अमेरिकेत समलिंगी पुरुषांमधील 2023 च्या चाचणीत या उपायाने नवे संसर्ग सुमारे दोनतृतीयांशांनी घटविले.

मात्र केनियात 449 तरुण स्त्रियांवर तोच उपाय योजला गेला तेव्हा म्हणावा तसा गुण आला नाही. औषध कुचकामी होते काय? संशोधकांनी स्त्रियांचे केस तपासले. ज्यांना गोळ्या दिल्या होत्या त्यांच्या केसांच्या नमुन्यांपैकी अवघ्या 29 टक्के नमुन्यांत औषधाचा अंश सापडला. गोळी हाती होती, पोटात गेली नव्हती. का गेली नाही हे केसांवरून कळत नाही. पण घरात गोळी ठेवायची तर ती कशाची हे कोणाला तरी सांगावे लागते, इतके समजावयास आम्हांस केनियाला जाण्याची गरज नाही.

कामधंद्यासाठी दांडेली, बेळगाव वा गोवा गाठणारे पुरुष आणि जंगलातील घर सांभाळणाऱ्या बायका, हे चित्र जोयडा तालुक्यात नवे नाही. आपल्या भाषेत, आपल्या बाईजवळ, चार भिंतींच्या आत बोलता येईल अशी सोय तेथे कोठे आहे? मराठी-कोंकणी बोलणारी स्त्री परक्या पुरुष डॉक्टरपुढे कन्नडमधून अंगावरचे दुखणे सांगेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. आमची मागणी नव्या औषधाची नाही. तालुक्याच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक ठरलेला दिवस स्त्री डॉक्टर असावी, हवे तर बाजाराच्या दिवशी, म्हणजे बाईला घराबाहेर पडण्याचे निमित्त शोधावे लागणार नाही. बोटातील थेंबभर रक्तावर वीसेक मिनिटांत उपदंश सांगणारी चाचणी प्रत्येक गर्भवतीची पहिल्याच भेटीत व्हावी, आणि पेनिसिलीनची सुई त्याच दिवशी, त्याच खोलीत मिळावी. तिच्यासाठी दांडेलीची बस धरावी लागू नये. आशा कार्यकर्तीला या विषयावर बोलण्याचे शिक्षण मिळावे. आणि नवऱ्यासाठीच्या गोळ्या बायकोच्या पदरात बांधून तिला घरी पाठविण्याची रीत असेल तेथे ती बंद करून, त्या नवऱ्याला दवाखान्यात बोलावून, समोर बसवून द्याव्यात.