रात्र मोजणारा कांदा

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या कांद्याच्या माना पडल्या.

नाशिककडे मान पडली म्हणजे काढणी आली. पात बुडाशी मऊ होते, आडवी होते, आणि शेतकरी पाणी तोडतो. इथे मिनियापोलिसमध्ये, आमच्या परसात, मेच्या सुरुवातीला लावलेल्या रोपांनी हा सगळा विधी दीड महिन्यात उरकला. उपटून बघितलं तर एकेक कांदा लिंबाएवढा, काही तर सुपारीएवढे. नानांना व्हिडिओ कॉलवर दाखवले. नाना म्हणजे माझे वडील; नाशिकजवळच्या निफाडचे, सगळं आयुष्य कांद्यात गेलेलं. "पाणी कमी पडलं का गं?" पाणी भरपूर होतं. खतही होतं. थंडीला दोष द्यावा तर बाहेर स्वच्छ ऊन पडलेलं.

ऊनच नडलं होतं.

थंड प्रदेशात भाजी लावायची म्हटलं की सगळे थंडीचीच भीती घालतात. मीही तारखा त्याच हिशेबाने पाठ केल्या होत्या: मेच्या मध्यापर्यंत टोमॅटो बाहेर काढायचा नाही, ऑक्टोबर लागला की आवरायला घ्यायचं. मधल्या पाचेक महिन्यांत काय ते पिकवा. पण या शहरातून ४५ अंशांचं अक्षवृत्त जातं, आणि त्याचा अर्थ जूनमध्ये दिवस साडेपंधरा तासांहून मोठा. नाशिकचा सगळ्यात मोठा दिवस सव्वातेराच्या आसपास असतो. हे सव्वादोन तास कांद्याला कळतात.

कांदा उभा चिरून बघा. त्याचा एकेक थर म्हणजे एकेका पातीचं बूड. जितक्या पाती, तितके थर. आणि पात जेवढी दांडगी, तेवढा थर जाड. दिवसाची लांबी एका ठरावीक मापापलीकडे गेली की कांदा नवी पात काढायचं थांबवतो आणि आहे त्याच बुडात माल भरू लागतो. यालाच आपण पोसणं म्हणतो. हे माप जातीजातीचं वेगळं. नाशिकच्या किंवा दक्षिण टेक्सासच्या जातींना दहा ते बारा तासांचा दिवस पुरतो. उत्तरेकडच्या जाती चौदा-सोळा तासांचा दिवस आल्याशिवाय हलत नाहीत. मी टेक्सासकडच्या जातीची रोपं मागवली होती, नाव न वाचता. मेच्या सुरुवातीलाच इथला दिवस चौदा तासांपलीकडे गेलेला. जेमतेम चार-पाच पातींच्या पोरसवदा रोपांना वाटलं, उशीर झाला, आता पोसायलाच हवं. उलट इथली जात निफाडला लावली तर ती पातच काढत बसेल, कारण ज्या दिवसाची ती वाट बघते तो तिथे कधी उगवतच नाही.

वनस्पतींना दिवसाची लांबी कळते हे माणसाला फार उशिरा कळलं. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांना तंबाखूच्या एका जातीने छळलं होतं: उन्हाळाभर ती माणसापेक्षा उंच वाढायची, पण फुलायची नाही. सोयाबीनची एक जात होती, ती महिन्यांच्या अंतराने पेरली तरी फुलायची जवळपास एकाच वेळी. ऊब, पाणी, खत, सगळं तपासून झाल्यावर १९१८च्या उन्हाळ्यात त्यांनी एक साधी गोष्ट केली. कुंड्या दुपारी चारलाच एका अंधाऱ्या खोपटात ढकलायच्या आणि सकाळी बाहेर काढायच्या. झाडांना वाटलं दिवस लहान झाले, आणि ती फुलली. १९२०मध्ये त्यांनी हे छापलं. पुढे १९३८मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका काटेरी तणावर प्रयोग करून दाखवलं की ते झाड खरं तर दिवस मोजतच नाही, रात्र मोजतं. लांब रात्रीच्या मधोमध काही क्षण दिवा लावला की सगळी मोजणी फिसकटते. रस्त्यावरच्या दिव्याखालचं सोयाबीन शेजारचं सगळं शेत पिवळं पडलं तरी हिरवंच राहतं, ते यामुळेच.

हे वाचलं आणि वालपापडीचा उलगडा झाला. आपल्याकडे आषाढात वेल लावला की मार्गशीर्षात शेंगांनी लगडतो. इथेही तो कुंपणावर असा पसरला की शेजारी विचारायला आले. पानं हाताएवढी, फूल एक नाही. त्या जातीला लांब रात्र हवी होती. ती सप्टेंबरअखेर आली, जांभळे तुरे दिसले, आणि दहा दिवसांनी एका रात्रीत वेल काळा पडला.

हिमकण पडायची ती रात्र मात्र बघण्यासारखी असते. ढग असले तर भीती नाही. ते पांघरुणासारखे असतात. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि तारे चमकत असतील तर समजायचं, जमीन आपली ऊब सरळ वर फेकून देते आहे. अशा रात्री निफाडला द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात. मी टोमॅटोवर जुनी सोलापुरी चादर टाकते. जमिनीतून निघणारी ऊब चादरीखाली अडकते, एवढंच. पण दोन-तीन अंशांचा फरक पडतो आणि तेवढ्यावर निभावतं.

केलला मी काही पांघरत नाही. केल म्हणजे कोबीचा गड्डा न धरणारा भाऊबंद. पहाटे त्याची पानं काचेसारखी गडद, कडक आणि खाली लोंबलेली असतात. मेलंच, असं वाटतं. हात लावायचा नाही. गोठलेलं पान चुरडतं. दहा वाजता बघावं तर ताठ उभं. आत काय झालेलं असतं? थंडीची चाहूल लागली की वनस्पती पिष्टाची साखर करू लागते. साखर विरघळलेलं पाणी शून्याच्या खाली गोठतं, हा त्यातला छोटा भाग. मोठी करामत अशी की बर्फ आधी पेशींच्या मधल्या फटींत धरतो आणि पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतो. आत जो घट्ट पाक उरतो तो पेशीचं आवरण सांभाळतो. म्हणून ऑक्टोबरात दोन-तीनदा हिमकण पडल्यावर उपटलेलं गाजर सप्टेंबरच्या गाजरापेक्षा गोड लागतं. ती गोडी आपल्यासाठी नसते, पण हलवा छान होतो.

हेच आपल्या घरातही घडतं. बटाटे फ्रिजमध्ये राहिले की गुळचट लागतात आणि त्यांचे वेफर्स तळताना काळपट होतात. बटाट्याच्या लेखी फ्रिज म्हणजे हिवाळा.

लसणाची तर इथे चैनच. ऑक्टोबरात पाकळ्या टोचायच्या, वर वीतभर पेंढा पसरायचा आणि विसरून जायचं. बाहेर उणे पंचवीस असलं तरी फूटभर बर्फाखाली माती शून्याच्या थोडीच खाली असते, कारण ताज्या बर्फात बहुतेक हवाच असते. गोधडीत असते तशी. शिवाय इथल्या लसणाला ती थंडी हवीच असते. ती मिळाली नाही तर गड्ड्यात पाकळ्या पडत नाहीत, एकच गोल गोळा तयार होतो. जुलैत काढलेल्या लसणाची पाकळी अंगठ्याएवढी भरते. सोलायला आईला फार आवडायची.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिवस दहा तासांखाली येतो, आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत खालीच राहतो. मेन राज्यात इलियट कोलमन नावाचे शेतकरी आहेत. न तापवलेल्या प्लास्टिकच्या मांडवात ते भर हिवाळ्यात पालक काढतात. त्यांची सगळी मदार या दहा तासांवर. पिकं त्याआधी वाढवून घ्यायची; मग ती वाढत नाहीत, पण मरतही नाहीत, ताज्या भाजीच्या कोठारासारखी उभी राहतात. या काळाला त्यांनी पर्सेफनीचं नाव दिलंय, ग्रीक पुराणातल्या त्या मुलीचं, जी वर्षातले काही महिने पाताळात असते. मला हे फार पटलं. मांडव काही मला जमला नाही. पहिल्याच वादळात उडाला.

कांदा मात्र जमला. आता बी उत्तरेच्या जातीचं आणते आणि फेब्रुवारीत तळघरात पेरते. रोपं वीतभर झाली की कात्रीने शेंडे छाटते. छाटलेली पात पिठल्यात जाते. वर ट्यूबलाइट, तिला टायमर. पहिल्यांदा हौसेने सोळा तास लावला होता, मग लक्षात आलं की ट्रेमधल्या बाळरोपांनाही आपण जून दाखवतोय. आता बारा तास. वर अंगणात गुडघाभर बर्फ, खाली निफाडचा फेब्रुवारी. कपडे धुवायचं यंत्रही तिथेच असल्यामुळे घरातलं कोणी ना कोणी रात्री खाली उतरतं आणि दिवा लावतं. म्हणून बटणावर चिठ्ठी चिकटवली आहे: रात्री दिवा लावू नये, कांदा मोजतोय.